जुनी पत्रिका, नवं विंडोज

निपाणीत जुन्या पी. बी. रोडलगत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, वाढदिवसाचे बॅनर आणि पावसाळा सरता सरता पतसंस्थांचे नि सौहार्द सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुरुस्तीला आलेले लॅपटॉप पडलेले असतात. पत्रिकेच्या धंद्यापायी मला जुनं विंडोज सोडता आलं नाही, आणि दुरुस्तीच्या धंद्यानं ते नव्याशेजारी एकाच मशीनवर कसं बसवायचं हे शिकवलं.

इथं कामंही दोन राज्यांची असतात. कागल-मुरगूडकडचा माणूस महाराष्ट्राचा सातबारा काढायला येतो, तर अकोळ-बेनाडीचा शेतकरी कर्नाटकच्या ‘भूमी’वरचा कन्नड उतारा काढून घेतो आणि वर तो वाचूनही दाखव म्हणतो. दोन्हींना ताजा ब्राउझर लागतो. त्याच दिवशी कुणीतरी थोरल्या मुलाची पंधरा वर्षांपूर्वीची पत्रिका आणून म्हणतो, “हीच काढ. नाव आणि तारीख तेवढी बदल.” ती पत्रिका पेजमेकरात, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये बांधलेली असते. अशा कामांतून जे हाती लागलं ते लिहितोय.

१. जुनं कशासाठी हवंय, ते आधी विचारा

तंबाखूच्या वखारीतले एक मामा नवा लॅपटॉप घेऊन येतात. “पोरा, ह्यात एक्सपी घालून दे. ह्या नव्यात काय गावतच नाही बघ.” मी विचारतो, “मामा, एक्सपीत तुम्ही करता काय?” “हिशेब.” “हिशेब कशात?” इथून खरी चौकशी सुरू होते. उत्तर एक्सेल असेल तर मी चहा पाजतो, नव्या विंडोजमध्ये एक्सेलचं चिन्ह समोर आणून ठेवतो आणि त्यांना वाटेला लावतो. उत्तर डॉसवरच्या फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम असं आलं, तर मात्र गोष्ट वेगळी. वजन, कसर, उचल, व्याज हे सगळं नव्वदच्या दशकात कुणीतरी लिहून दिलेलं असतं आणि लिहिणारा आता सापडत नाही. डॉसचे आणि १६-बिटचे प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालतात, ६४-बिटवर चालत नाहीत. विंडोज ११ तर ६४-बिटमध्येच येतं. तिथं ‘कंपॅटिबिलिटी मोड’वर कितीही टिचक्या मारल्या तरी काही होत नाही.

दुसरं खरं कारण म्हणजे लॉक, ज्याला आम्ही डोंगल म्हणतो. जुन्या सॉफ्टवेअरच्या लॉकचा ड्रायव्हर ३२-बिटचा असतो आणि ६४-बिट विंडोज तो उचलत नाही. प्रिंटर पोर्टला लागणारं जुनं पॅरलल लॉक असेल तर लॅपटॉपचा नादच सोडा. बाजारात यूएसबी ते पॅरलल अशी वायर मिळते, पण ती प्रिंटरसाठी, लॉक तिच्यावर ओळखलं जात नाही. अशांना मी जुना डेस्कटॉप जपून ठेवायला सांगतो.

तिसरं कारण फॉन्ट. त्याचं पुराण पुढं आहे.

ह्यापलीकडची बहुतेक कारणं सवयीची निघतात, आणि सवयीसाठी मी हार्डडिस्कची वाटणी करत नाही. मशीनला आठ जीबी रॅम असेल आणि लॉक यूएसबीचं असेल, तर आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज चालवून बघतो. लॉक तिथं लागलं की दोन विंडोजचा खटाटोप वाचतो. नाही लागलं तर पुढचं सगळं करायचं.

२. मशीनचं वय बघा

ह्या कामाला सगळ्यात गुणी मशीन म्हणजे विंडोज ७ सोबत आलेलं. २०११ ते २०१३ च्या सुमाराचे थिंकपॅड आणि लॅटिट्यूड सेकंडहँड बाजारात अजून दिसतात. दिसायला अवजड, पण त्यांच्यावर सेव्हन सुखानं बसतं आणि रॅम वाढवून एसएसडी घातली की विंडोज १० ही पळतं.

नवं मशीन घेऊन आलात तर अडचणी एकीमागून एक उभ्या राहतात. विंडोज ७ च्या सीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर माउस मेल्यासारखा पडतो. एनव्हीएमई एसएसडी त्याला मुळात दिसतच नाही. ते ड्रायव्हर आधी सीडीत मिसळून घ्यावे लागतात. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढं मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० च्या आधीचं काही धरलेलंच नाही. आणि २०२० च्या आसपासपासूनच्या बहुतेक लॅपटॉपांतून जुन्या बायोसची सोय, सीएसएम, निघूनच गेली. एक्सपी आणि ३२-बिट सेव्हन ह्या दोघांना जुन्या पद्धतीचं बायोस आणि एमबीआर पद्धतीची डिस्क लागते. ती सोय नसलेल्या मशीनवर ही दोन्ही बसणार नाहीत. कुणी बसवून देतो म्हणत असेल तर पैसे काम झाल्यावर द्या.

एक्सपीची आणखी एक खोड आहे. बायोसमध्ये हार्डडिस्क एएचसीआय मोडला असेल तर एक्सपीला ती समजत नाही आणि शेवटी ‘७बी’ असलेला निळा पडदा येतो. तो आला की अनेक जण हार्डडिस्क गेली म्हणून नवी विकतात. बायोसमध्ये जाऊन मोड आयडीई केला की तीच डिस्क चालते. मात्र त्या डिस्कवर आधीच दुसरं विंडोज असेल, तर मोड बदलल्यावर ते उठायला कुरकुरतं. म्हणून मोड सुरुवातीलाच ठरवावा.

३. बिटलॉकरची चावी आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, मी वेगळं काय सांगणार! पण नव्या लॅपटॉपांत डिस्क बहुतेकदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूट बंद केलं किंवा बायोसमध्ये काही हलवलं की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, आणि खातं उघडून दिलेलं असतं पुण्याला नोकरीला असलेल्या मुलानं. त्यामुळे बायोसला हात लावण्यापूर्वी मुलाला फोन करायचा, ती की कागदावर उतरवून घ्यायची, एन्क्रिप्शन काढायचं आणि मगच कामाला बसायचं. पासवर्ड आठवत नसेल तर लॅपटॉप त्या दिवशी परत द्यायचा.

४. आधी जुनं, मग नवं

क्रम चुकवू नका. नव्या विंडोजला जुन्याची ओळख असते, जुन्याला पुढं काय आलं ते ठाऊक असायचं कारणच नाही. एक्सपी एनटीएलडीआर नावाच्या लोडरनं उठतं आणि बूट डॉट आयएनआय नावाची साधी मजकुराची फाइल वाचतं. व्हिस्टापासून बूटएमजीआर आणि बीसीडी आलं. एक्सपी नंतर टाकलं तर ते आपला लोडर लिहून मोकळं होतं, आणि त्याच्या यादीत विंडोज १० नसतं. १० जागच्या जागी असतं, फाइलीही असतात, फक्त तिथं जायची वाट पुसली जाते.

उलटा क्रम धरला, म्हणजे आधी एक्सपी किंवा सेव्हन आणि मग १०, तर नवं विंडोज जुन्याला शोधून स्वतःच मेनू तयार करतं. वेगळं काही करावं लागत नाही.

पण गिऱ्हाईक येतं तेव्हा नवं आधीच भरलेलं असतं आणि ते काढायची त्याची तयारी नसते. मग डिस्क मॅनेजमेंटमधून जागा आकसून घ्यायची, जुनं त्यात टाकायचं, आणि नव्याच्या पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन बूटरेकच्या कमांडनी वाट पुन्हा मोकळी करायची. जुनं विंडोज यादीत घालायला ईझीबीसीडी बरं पडतं. जागा आकसताना निम्मी डिस्क रिकामी असूनही पाच-दहा जीबीच्या वर मिळत नाही, असा अनुभव हमखास येतो. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरते बंद करून मशीन चालू करा, मग जागा सुटते. डिस्क एमबीआर असेल तर प्रायमरी पार्टिशन चारच होतात आणि कंपनीनं रिकव्हरी वगैरे धरून चारही आधीच वापरलेली असतात, हेही बघून घ्या. बूटेबल पेनड्राइव्ह मी रुफसनं करतो. तिथं जुन्या बायोसचा पर्याय निवडलाय ना, ते दोनदा बघतो.

५. कामाला तिसरं पार्टिशन ठेवा

एक जुन्याला, एक नव्याला आणि सगळ्यांत मोठं कामाच्या फाइलींना. पार्टिशनला नाव द्या, कारण ड्राइव्हच्या अक्षरांचा भरवसा नाही. प्रत्येक विंडोज स्वतःला सी म्हणवतं आणि दुसऱ्याला डी नाहीतर ई करतं. “सी ड्राइव्ह फॉरमॅट कर” असं फोनवर कुणालाही सांगू नका.

६. फास्ट स्टार्टअप बंद करा

विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही. लवकर उठता यावं म्हणून अर्धा संसार डिस्कवर तसाच मांडून झोपतं. अशा वेळी जुन्यात शिरून कामाच्या पार्टिशनवर फाइल सेव्ह केली, की नवं उठल्यावर आपल्या आठवणीतली डिस्क खरी मानतं. मग फाइल गायब तरी होते किंवा चेकडिस्कची पांढरी अक्षरं धावू लागतात. अहवालाची ऐंशी पानं अशी गेली तर संस्थेच्या सेक्रेटरींना काय तोंड दाखवणार? कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढून टाका. मोठ्या अपडेटनंतर ती परत लागलेली असू शकते, म्हणून अधूनमधून बघत राहा.

एक्सपी जोडीला असेल तर आणखी एक. एक्सपी सुरू झालं की नव्या विंडोजचे रिस्टोअर पॉइंट पुसतं, कारण ते त्याला ओळखता येत नाहीत. रिस्टोअरवर विसंबून राहू नका.

७. जुन्या विंडोजमध्ये खरा ऐवज फॉन्टचा

इथं जरा थांबतो, कारण डीटीपीवाल्याचं पोट ह्यात आहे.

पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती ह्यांच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट आहे तोवर ‘श्री गजानन प्रसन्न’, फॉन्ट काढला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. मशीनच्या लेखी तिथं मराठी नसतंच. म्हणून जुन्या फाइलींत ‘सौंदलगा’ शोधायला गेलात तर काही सापडत नाही, आणि तो मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की गिऱ्हाईक फोन करून विचारतं, “हे काय पाठवलंयस गा?”

कन्नडचीही तीच कथा. कन्नड गणक परिषदेचं नुडी आणि त्याआधीपासूनचं बरह, ह्यांच्या जुन्या फाइलीही अशाच फॉन्टवर उभ्या. सीमाभागातल्या संस्थेचा अहवाल कायद्यापुरता कन्नडमध्ये आणि सभासदांना वाचायला मराठीत, असा एकाच पेजमेकर फाइलीत असतो. डावीकडे नुडी, उजवीकडे श्रीलिपी. टाइप करताना दोन्हींचे कीबोर्ड एकाच वेळी चालू ठेवू नका. दोघंही कळ दाबली की मध्ये हात घालतात आणि भलतंच उमटतं. एक बंद करा, मग दुसरं उघडा. अशी फाइल नव्या विंडोजमध्ये हलवणं म्हणजे पुन्हा टाइप करणं. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही.

तरी कायमचं जुन्यात राहून चालत नाही. एक दार अजून उघडं आहे. पेजमेकर ६ पासूनच्या फाइली अ‍ॅडोबचं इनडिझाइन सीएस६ पर्यंत उघडतं. सीसी आल्यावर ती सोय गेली. सीएस६ चं जुनं लायसन असेल तर ते फेकू नका. पानाची बांधणी त्यातून वाचते. मजकूर मात्र कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणावा लागतो, आणि कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडात ती अक्षरानंतर येते. रफाराचंही तसंच मागं-पुढं होतं. साधे शब्द बरोबर येतात आणि नेमकी जोडाक्षरं फसतात. पत्रिकेत मी सगळ्यात आधी ‘वऱ्हाडी’ बघतो. तिथला ऱ्ह नीट आला असेल तर कन्व्हर्टर बरा समजायचा. मग आडनावं, मग गावं: मत्तिवडे, हंचिनाळ, यमगर्णी. तारीख आणि मुहूर्ताचे आकडे तर बोट ठेवून. आकडा चुकलेली पत्रिका छापून वाटली, तर निस्तरायला दोन्हीकडचे पाहुणे दुकानात येतात.

नवा फॉन्ट निवडतानाही डोळे उघडे ठेवा. विंडोजसोबत येणाऱ्या मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पाकळीचा ल आणि देठाचा श नसेल तर पत्रिका परक्याची वाटते, आणि मला त्यांचं पटतं.

सगळ्याच फाइली बदलायच्या मागं मी लागत नाही. पुन्हा लागणार अशा पत्रिका, संस्थांचे कायमचे मसुदे, देवस्थानांची हँडबिलं एवढ्या बदलतो. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे निदान वाचता तरी येतं. जुनं विंडोज दुकानात किती वर्षं ठेवायचं, हे ह्या बदलाच्या वेगावर ठरतं.

८. जुन्याला इंटरनेट देऊ नका

एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, सेव्हनचे १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा सर्वाधिक मार सेव्हनला बसला होता. त्याचा उपाय दोन महिने आधी आलेला होता, लोकांनी टाकला नव्हता. आज तर नवे उपाय येतच नाहीत. क्रोमची सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, त्यामुळे बँकेच्या आणि सरकारच्या साइट तशाही उघडायला कुरकुरतात. जुन्या विंडोजमध्ये वायफायचा ड्रायव्हर मी टाकतच नाही. “तेवढं यूट्यूब दिसू दे की” म्हणणाऱ्यांना नव्यात जायला सांगतो.

पण इथं रोग इंटरनेटपेक्षा पेनड्राइव्हनं जास्त येतो. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारे व्हायरस ह्या गावानं भरपूर पाहिलेत. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी नव्या विंडोजमध्ये लावायचा, स्कॅन करायचा, हवी तेवढी फाइल कामाच्या पार्टिशनवर घ्यायची. जुन्यात तो लावायचाच नाही. दोन विंडोज असल्याचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

९. लिनक्स जोडीला असेल तर घड्याळ

कॉलेजची पोरं विंडोजशेजारी उबुंटू टाकून घेतात आणि आठवड्यात परत येतात, घड्याळ साडेपाच तासांनी चुकतंय म्हणून. बॅटरी बदलू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथं स्थानिक वेळ धरतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचाच आहे. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगणारी एक ओळ टर्मिनलमध्ये टाकली की झालं.

१०. दहा आणि अकराची जोडी नको

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. तेव्हापासून “दहा राहू दे, शेजारी अकरा टाक” म्हणणारे वाढलेत. दहावर चालतं ते जवळजवळ सगळं अकरावर चालतं. ३२-बिटच्या दहावर डॉसचा प्रोग्रॅम असेल तरच ही जोडी ठेवण्यात अर्थ आहे. आणि ज्या थिंकपॅडची मी वर स्तुती केली, त्यांच्यावर अकरा अधिकृतपणे बसत नाही. टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. आडवाटेनं बसवता येतं, पण पुढचा मोठा अपडेट अडला की गिऱ्हाईक माझ्याच दारात.

११. मेनूत कामाचं नाव लिहा

मशीन चालू केल्यावर येणाऱ्या यादीत ‘विंडोज ७’ आणि ‘विंडोज १०’ असं लिहून उपयोग नाही. दुकानात बसणाऱ्या पोराला आणि वखारीतल्या मामांना आकडे लक्षात राहत नाहीत. बीसीडीएडिट किंवा ईझीबीसीडीतून नावं बदलता येतात. मी रोमन लिपीत एकाला ‘पत्रिका’ आणि दुसऱ्याला ‘ऑनलाइन’ लिहितो, मामांच्या मशीनवर ‘वखार’. वाट बघायची वेळ तीस सेकंदांवरून दहावर आणतो.

डिफॉल्ट मात्र नेहमी नवंच ठेवा, दिवसभर काम जुन्यात असलं तरी. नवं विंडोज अपडेट घेताना मध्येच स्वतः रीस्टार्ट होतं, कधी एकदा, कधी दोनदा. तेव्हा समोर कुणी नसेल आणि डिफॉल्ट जुनं असेल, तर मशीन जुन्यात जाऊन बसतं आणि अपडेट अर्ध्यावर लटकतो. सकाळी दुकान उघडल्यावर ‘ऑनलाइन’मध्ये जावं तर पडद्यावर टक्केवारी फिरत असते आणि बाहेर उताऱ्यासाठी माणसं उभी असतात.